ताण कार्य करत नाही, मग दगडाची चाल का बदलते?

इंदूरला अकरावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या चार शंका आहेत. दोरीला बांधलेला दगड उभ्या वर्तुळात फिरताना सर्वांत वर ताण शून्य होतो, मग तिथे अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडचं, बल कोण देतं? तळाशी लागणारी किमान चाल दोरीसाठी √(५·जी·आर) आणि दांड्यासाठी √(४·जी·आर) (जी म्हणजे गुरुत्वत्वरण, आर म्हणजे त्रिज्या), हा फरक कशामुळे? अभिकेंद्री बल कार्य करत नाही म्हणतात, तर चाल बदलते कशी? आणि हवेच्या विरोधाने उपग्रहाची चाल वाढते हे खरं का? जाता जाता तिने हेही विचारलंय की इंदुरात जी किती धरायचा.

या शंका वेगवेगळ्या वाटल्या तरी गोंधळ एकाच जागी आहे. वर्तुळगतीच्या गणितात दोन समीकरणं लागतात आणि ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिलं एका बिंदूचं: त्या क्षणी त्रिज्येच्या दिशेने कोणकोणती बलं आहेत. दुसरं दोन बिंदूंचं: इथून तिथे जाताना ऊर्जेत काय फरक पडला. पहिल्याला मागचा इतिहास ठाऊक नसतो, दुसऱ्याला ताणाची खबर नसते. पाठ केलेली सूत्रं बहुतेक वेळा या दोघांची आधीच केलेली भेसळ असतात. परिस्थिती जराशी बदलली की ती दगा देतात.

पहिलं समीकरण असं लिही. आकृतीत फक्त खरी बलं काढ: वजन, ताण, अभिलंब बल, घर्षण. ‘अभिकेंद्री बल’ नावाचा बाण काढू नकोस. केंद्राकडे जाणारी बलं अधिक, केंद्रापासून दूर जाणारी उणे, आणि ही बेरीज समोरच्या बाजूच्या एम·व्ही² ÷ आर एवढी (एम वस्तुमान, व्ही चाल; पुढे टी म्हणजे ताण). उजव्या बाजूला बल नाहीच, तिथे वस्तुमान गुणिले त्वरण आहे. आकृतीत ‘अभिकेंद्री’ नावाचा पाचवा बाण दिसला की गणित तिथेच चुकलं असं समज.

आता दगड. वस्तुमान ०.५ किलो, दोरी १ मीटर, जी ९.८. सर्वांत वर वजन खाली, म्हणजे केंद्राकडे, ताणही केंद्राकडे:

टी + एम·जी = एम·व्ही² ÷ आर

दोरी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून टी शून्य किंवा त्याहून जास्त असायला हवा. टी शून्य ठेवला तर उरतं एम·जी = एम·व्ही² ÷ आर. म्हणजे पहिल्या शंकेचं उत्तर हेच: त्या क्षणी वर्तुळावर वळवायचं सगळं काम एकटं वजन करतं. व्ही² = जी·आर = ९.८, चाल ३.१३ मीटर प्रति सेकंद. बलांकडून एवढंच कळतं. तळाशी किती चाल हवी हे सांगायला आता ऊर्जेचं समीकरण आण. वरपासून तळापर्यंत उंचीतला फरक २·आर, म्हणून तळाचा व्ही² = जी·आर + ४·जी·आर = ५·जी·आर = ४९. चाल ७ मीटर प्रति सेकंद.

त्या पाचाचे दोन तुकडे नीट बघ. चार हे ऊर्जेचे, एक बलाचा. दोरीऐवजी हलका कडक दांडा घेतला तर तो ढकलूही शकतो, वर चाल शून्य झाली तरी दांडा दगडाला खालून आधार देतो. बलाची अट नाहीशी झाली, एक गेला, चार उरले. नळीच्या आतून जाणारी गोळी, तारेत ओवलेला मणी, यांनाही चारच. वळशाच्या आतल्या बाजूने धावणारी गाडी मात्र दोरीच्या जातीची, कारण रूळ तिला फक्त आत ढकलतो, तिला पाच. ‘दोरी की दांडा’ असा भेद पाठ करण्यापेक्षा प्रत्येक गणितात विचार: हा आधार दोन्ही दिशांना बल देऊ शकतो का?

सर्वांत जास्त गुण जातात ते मधल्या परिस्थितीत. दोरीचा दगड तळाशी व्ही² = ४·जी·आर घेऊन निघाला तर कुठवर जाईल? ऊर्जेचं समीकरण एकटं सोडवलं की उत्तर येतं ‘अगदी माथ्यापर्यंत’, कारण तिथे व्ही शून्य होतो. ते चूक आहे. माथ्याला पोचण्याआधीच दोरी सैल पडते. केंद्रापासून एच उंचीवर दोरी सैल पडली असं धर. तिथे टी शून्य, वजनाचा केंद्राकडचा भाग एम·जी·एच ÷ आर, म्हणून व्ही² = जी·एच. ऊर्जेवरून व्ही² = ४·जी·आर − २·जी·(आर + एच). दोन्ही सारखे ठेवले की एच = २·आर ÷ ३. आपल्या १ मीटरच्या दोरीला केंद्राच्या वर ६७ सेंटिमीटरवर दगड वर्तुळ सोडतो. त्याची चाल तेव्हा शून्य नसते, सुमारे २.५६ मीटर प्रति सेकंद असते, आणि तिथून पुढे तो फेकलेल्या वस्तूसारखा परवलयात जातो. तळाचा व्ही² २·जी·आर किंवा त्याहून कमी असेल तर असं होत नाही. दगड केंद्राच्या उंचीच्या आतच थांबतो आणि झोक्यासारखा मागे येतो, दोरी ताठच राहते. गडबड फक्त २ आणि ५ यांच्या मध्ये.

तळाशी ताण किती? टी − एम·जी = एम·व्ही² ÷ आर, म्हणजे ६·एम·जी, २९.४ न्यूटन. दगडाचं वजन ४.९ न्यूटन आहे. दोरी वजन पेलते म्हणून फिरवायला चालेल असं मानणाऱ्याची दोरी तळाशी तुटते. तळ आणि माथा यांच्या ताणांतला फरक, दोरी माथ्यावरही ताठ असेल तर, नेहमी ६·एम·जी असतो, चाल कितीही असो. उत्तर तपासायला हे फार उपयोगी.

सपाट वळणाबद्दल थोडक्यात. तिथे केंद्राकडे ढकलणारं बल म्हणजे टायरचं स्थैतिक घर्षण. त्रिज्या ५० मीटर, ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ धरला तर कमाल चाल √(०.४ × ९.८ × ५०) = १४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. कोरड्यावर ०.८ धरला तर ताशी ७१. घर्षणांक अर्धा झाला तरी चाल अर्धी होत नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. आणि वस्तुमान रद्द होतं, म्हणून भरलेली आणि रिकामी गाडी या हिशेबात सारखी. (उलटण्याचा हिशेब वेगळा, त्यात गुरुत्वमध्य किती वर आहे ते येतं.) बसमध्ये तुला बाहेर ढकलल्यासारखं वाटतं, कारण बस वळते आणि तू सरळ जायला बघतेस. रस्त्यावर उभं राहून गणित करत असशील तर अपकेंद्री बल लिहायचं नाही. बसमध्ये बसून करत असशील तर लिहायचं, पण मग त्वरण शून्य धरायचं. दोन्ही एकदम लिहिलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि लागणारं घर्षण दुप्पट येतं.

आता तिसरी शंका. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. वर्तुळावर विस्थापन स्पर्शिकेच्या दिशेने, ताण त्रिज्येच्या दिशेने, मध्ये ९० अंश. ताणाचं कार्य शून्य. उभ्या वर्तुळात चाल बदलते ती वजनामुळे, कारण वजन नेहमी खाली असतं आणि माथा व तळ सोडून सगळीकडे त्याचा थोडा भाग स्पर्शिकेवर पडतो. हे सोपं. पण ‘केंद्राकडचं बल कार्य करत नाही’ हे वाक्य त्रिज्या स्थिर असेपर्यंतच खरं आहे, आणि ही अट बहुतेक वह्यांत लिहिलेली नसते. तुझी चौथी शंका नेमकी याच गाळलेल्या अटीतून आली आहे.

ते हाताने करून बघता येतं. बॉलपेनची रिकामी, कडा गुळगुळीत असलेली नळी घे, दीड मीटर मासेमारीची नायलॉन दोरी, एका टोकाला सुमारे २० ग्रॅमचं रबरी बूच, दुसऱ्या टोकाला १०० ग्रॅम भरतील इतके लोखंडी वॉशर. वजनं इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून घे. अंदाजाने वॉशर लावले तर पुढचं सगळं वाया जातं. नळीच्या वरच्या तोंडापासून बुचापर्यंत ६० सेंटिमीटर दोरी ठेवून, नळीच्या खालच्या तोंडाखाली एक सेंटिमीटरवर चिकटपट्टीची खूण कर. मोकळ्या जागी, डोळ्यांवर चष्मा ठेवून नळी डोक्यावर धरून फिरव. खूण जागेवर राहील अशी चाल ठेव. खूण नळीला टेकू देऊ नकोस, कारण टेकली की नळीच दोरीला अडवून धरते आणि बुचाकडच्या दोरीतला ताण ०.९८ न्यूटन उरत नाही.

वीस फेऱ्यांचा वेळ मोज. हिशेबाने एका फेरीला २ × पाय × √(०.०२ × ०.६ ÷ ०.९८) = ०.६९५ सेकंद, वीसला १३.९ सेकंद यायला हवेत. मुलं इथे म्हणतात, दोरी आडवी राहतच नाही, थोडी खाली झुकते, मग त्रिज्या ६० कशी? बरोबर, ती ११.५ अंश झुकते, कारण बुचाचं वजन ताणाच्या एक पंचमांश आहे. त्रिज्या ६० नसून ५८.८ सेंटिमीटर होते. पण ताणाचा आडवा भागही नेमक्या त्याच प्रमाणात कमी होतो आणि दोन्ही रद्द होतात. म्हणून सूत्रात दोरीची पूर्ण लांबीच घालायची. उत्तर १५ सेकंदांच्या पुढे गेलं किंवा १३ च्या आत आलं तर बहुधा नळीच्या कडेचं घर्षण आहे: कडा काचकागदाने घासून घे.

खरा धडा पुढच्या पायरीत आहे. फिरवता फिरवता दुसऱ्या हाताने दोरी खाली ओढून त्रिज्या निम्मी, ३० सेंटिमीटर कर. बूच एकदम वेगाने फिरू लागतं: चाल साधारण दुप्पट, फेऱ्या चौपट, गतिज ऊर्जा ०.२८ ज्यूलवरून सुमारे १.१ ज्यूल. ताण तर केंद्राकडेच होता, मग ०.८ ज्यूल आले कुठून? तुझ्या हातातून. ओढताना बूच सर्पिल वाटेने आत सरकलं, विस्थापनाला केंद्राकडचा भाग मिळाला आणि ताणाने कार्य केलं. हाताला ते जाणवतंच, कारण नव्या त्रिज्येवर लागणारा ताण आठपट, जवळपास ७.८ न्यूटन असतो. तिथे १०० ग्रॅमचे वॉशर पुरणार नाहीत, ८०० ग्रॅम लागतील. सोडलंस की बूच त्यांना पुन्हा वर ओढतं.

उपग्रहातही हेच होतं, दोरीच्या जागी गुरुत्व आहे एवढंच. वर्तुळाकार कक्षेत व्ही² = जीएम ÷ आर, इथे जीएम म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान, ३.९८६ × १०^१४. गतिज ऊर्जा जीएम·एम ÷ २·आर, स्थितिज ऊर्जा उणे जीएम·एम ÷ आर, बेरीज उणे जीएम·एम ÷ २·आर. उंची ४०० किलोमीटर असताना चाल ७६७३ मीटर प्रति सेकंद येते, ३०० ला ७७३०. विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह ४०० वरून हळूहळू ३०० वर आला तर त्याची चाल ५७ मीटर प्रति सेकंदाने वाढलेली असते. दर किलोमागे हिशेब असा: हवेने ४.४ लाख ज्यूल काढून घेतले, गुरुत्वाने ८.८ लाख ज्यूल दिले, गतिज ऊर्जेत ४.४ लाखांची वाढ. एकूण ऊर्जा कमीच झाली, ऊर्जेचा नियम कुठेही मोडलेला नाही. बलांच्या भाषेत सांगायचं तर वाट किंचित खाली कललेली असल्याने गुरुत्वाचा लहानसा भाग पुढच्या दिशेला येतो, आणि सावकाश घसरणाऱ्या जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत तो भाग हवेच्या विरोधाच्या बरोबर दुप्पट असतो. दाट हवेत शिरल्यावर मात्र हे गणित संपतं. तिथे विरोध इतका वाढतो की चाल खरोखर कमी होते.

इथेच दोन गैरसमज काढून टाक. ४०० किलोमीटरवर गुरुत्व नसतं असं नाही, तिथे जी ८.७ आहे. यानातला माणूस तरंगतो, कारण तो आणि यान दोघं एकाच त्वरणाने पडत आहेत. आणि स्थितिज ऊर्जेचं एम·जी·एच (इथे एच म्हणजे जमिनीपासूनची उंची) हे सूत्र जमिनीजवळचं आहे. ४०० किलोमीटरला ते खऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्के जास्त उत्तर देतं. ६० किलोमीटरपर्यंत चूक १ टक्क्याच्या आत राहते. मुक्तिवेगाच्या गणितात एम·जी·एच वापरलं तर कितीही चाल दिली तरी वस्तू परत येतेच, म्हणजे मुक्तिवेग निघतच नाही.

गुरुत्व पृथ्वीच्या केंद्राकडे ओढतं, म्हणून कक्षेचं प्रतल केंद्रातून जावंच लागतं. इंदूर २२.७ अंश उत्तरेला आहे. त्याच्या डोक्यावर कायम थांबणारा उपग्रह या एकाच कारणाने अशक्य. स्थिर दिसणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर, ३.०७ किलोमीटर प्रति सेकंदाने फिरतात. म्हणूनच गच्चीवरची प्रत्येक डिश दक्षिणेकडे तोंड करून असते. ८३ अंश पूर्वेचा उपग्रह हवा असेल तर इंदूरहून दिशा दक्षिणेपासून १८ अंश पूर्वेला, क्षितिजापासून उंची सुमारे ६२ अंश. डिश त्याहून बरीच उभी दिसते, कारण घरगुती डिश ऑफसेट असते: तिचा ग्राहक मधोमध नसतो आणि तिचं तोंड दिसतं तिथे ती पाहत नाही.

कार्य न करणाऱ्या बलाचं अस्सल उदाहरण इंदुरातच, राजेंद्रनगरच्या बाजूला आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉन १७२.४७ मीटर परिघाच्या वळशात सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. त्यांना वळवणारं चुंबकीय बल वेगाला नेहमी काटकोनात असतं आणि शून्य कार्य करतं. परीक्षेत फसवणारी गंमत: परिघाला २ × पाय ने भागलं तर २७ मीटर येतात, पण वळणाची त्रिज्या ५.५५ मीटरच आहे. १६ चुंबकांच्या आत तेवढी वाट वळते, मधल्या वाटा सरळ असतात. एम·व्ही² ÷ आर मध्ये परिघावरून काढलेला आर घालायचा नसतो, त्या क्षणीच्या वळणाचा घालायचा. (इथे चाल प्रकाशाच्या अगदी जवळ असल्याने एम·व्ही च्या जागी संवेग धरावा लागतो, आणि अर्धा एम·व्ही² चालत नाही.) २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन वळताना प्रकाश सोडून दर फेरीला सुमारे ६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट गमावतो. ही तूट चुंबक भरून काढू शकत नाहीत. त्यासाठी वाटेच्या दिशेने विद्युतक्षेत्र देणारी रेडिओ-वारंवारतेची पोकळी बसवलेली आहे.

जमिनीवरही हेच. इंदूरजवळच्या भेरूघाटातून १६ टनांचा ट्रक २०० मीटर उंची उतरला असं धर. वळणं पाच असोत की पंचवीस, रस्त्याचं अभिलंब बल आणि आडवं घर्षण यांचं कार्य शून्यच. हिशेबात येतात ते फक्त एम·जी·एच: ३.१ कोटी ज्यूल. चाल स्थिर ठेवायची तर एवढी सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. फक्त ब्रेकवर उतरलं आणि ड्रमांचं एकूण लोखंड २०० किलो धरलं, उष्णता बाहेर गेलीच नाही असं मानलं, तर तापमान सुमारे ३४० अंशांनी चढतं. ब्रेकच्या लायनिंगची पकड याच तापमानांच्या आसपास सुटू लागते. खालच्या गिअरमध्ये उतरायला सांगतात ते यासाठी, म्हणजे ज्यूल इंजिनात खर्ची पडतात.

जी बद्दल. ध्रुवावर ९.८३, विषुववृत्तावर ९.७८, इंदुरात ९.७९ च्या जवळ. पृथ्वी फिरते म्हणून इंदूरच्या अक्षांशावर जी मधून ०.०२९ कमी होतात. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीमुळे आणखी ०.००२ च्या आसपास. प्रश्नात १० दिला असेल तर १० घे आणि शेवटपर्यंत तोच ठेव; एका ओळीत ९.८ आणि दुसरीत १० घालणं सगळ्यात वाईट, १ मीटरच्या दोरीला तळाची चाल ७.०० की ७.०७ यावर पर्याय बदलतो. पेनच्या नळीच्या प्रयोगात ९.७९ की ९.८ याने काही बिघडत नाही: स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक सहज होते, ती १३.९ सेकंदांत दीड टक्का आहे, आणि या दोन जी मधला फरक ०.१ टक्का.